सूर्यातली पिवळी रेषा: हेलियमच्या शोधाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विज्ञानात एखादी गोष्ट 'सापडली' असे कधी म्हणायचे? दिसली तेव्हा, वेगळी आहे हे कळले तेव्हा, की हातात आली तेव्हा? या प्रश्नावर बोलण्यासाठी हेलियमइतके चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. १८६८ ते १८९५ अशी सत्तावीस वर्षे हे मूलद्रव्य फक्त वर्णपटातल्या एका पिवळ्या रेषेच्या रूपात होते. त्याच काळात अगदी तसाच तर्क लढवून शास्त्रज्ञांनी आणखी दोन मूलद्रव्ये 'शोधली', आणि ती दोन्ही अस्तित्वातच नव्हती.

हेलियम नेमका कोणी शोधला?

एकच नाव हवे असेल तर उत्तर चुकणारच, कारण इथे चार वेगवेगळी कामे आहेत आणि ती वेगवेगळ्या माणसांनी केली.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांच्या वर्णपटात पिवळी रेषा अनेकांना दिसली. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सन त्या वेळी आंध्रातल्या गुंटूरला होते. ही रेषा सोडियमच्या जागी नाही, हे इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोजून दाखवले. तिच्यामागे नवे मूलद्रव्य असावे ही कल्पना पुढच्या दोन-तीन वर्षांत आकाराला आली. तो वायू पृथ्वीवर काचेच्या नळीत पकडला विल्यम रॅमसे यांनी, मार्च १८९५ मध्ये.

ऑक्सिजनचा शोध एका तारखेला आणि एका माणसाच्या नावावर टाकता येत नाही, असे विज्ञानाचे इतिहासकार टॉमस कून यांनी १९६२ साली दाखवून दिले होते. 'काहीतरी आहे' हे कळणे आणि 'ते काय आहे' हे कळणे यांत काळ जातो, आणि शोध त्या सगळ्या काळाचा मिळून असतो. हेलियमला हे ऑक्सिजनपेक्षाही जास्त लागू पडते.

जान्सन यांनी १८ ऑगस्ट १८६८ ला हेलियम शोधला, असे पाठ्यपुस्तकात असते. ते चूक आहे का?

हो. जान्सन यांचे काम मोठे होते, पण ते हे नव्हते. ज्वालांचा वर्णपट सुट्या तेजस्वी रेषांचा आहे, म्हणजे त्या ज्वाला तप्त वायूच्या आहेत, हे त्यांना दिसले. रेषा इतक्या ठळक होत्या की त्या ग्रहणाशिवायही दिसतील असे त्यांच्या मनाने घेतले. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, सूर्य पूर्ण उघडा असताना त्यांनी त्या पाहिल्यासुद्धा. पिवळी रेषा सोडियमची नाही, असा दावा मात्र त्यांनी तेव्हा केला नव्हता.

त्या दिवशी सावलीच्या पट्ट्यात इतरही बरेच जण होते. गुंटूरलाच टेनंट, जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल, मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन आणि मलय द्वीपकल्पात फ्रेंच निरीक्षक राये. बहुतेकांनी त्या रेषेची नोंद 'डी', म्हणजे सोडियमची जोडरेषा, अशीच केली.

इतक्या जाणत्या माणसांकडून ही चूक कशी झाली?

कारणे ठोस आहेत. खग्रास स्थिती पाच-सहा मिनिटांची. प्रकाश अंधुक, म्हणून वर्णपटदर्शकाची फट रुंद ठेवावी लागते. फट रुंद झाली की रेषा जाड होते आणि तिची जागा बारकाईने वाचता येत नाही. तिसरे कारण सहसा कोणी सांगत नाही, पण सगळ्यात महत्त्वाचे तेच आहे. खग्रास होताच सूर्याच्या नेहमीच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा दिसेनाशा होतात, आणि त्या रेषा म्हणजेच निरीक्षकाची मोजपट्टी. ती गेल्यावर पिवळ्या भागात एक तेजस्वी रेषा दिसली, तर 'ही डीच असणार' असे वाटणे स्वाभाविक होते. पिवळ्या भागातली माहितीची ठळक रेषा तेवढी एकच होती.

आपण काय पाहतो यावर आपल्याला आधी काय माहीत आहे याची छाप असते, असे तत्त्वज्ञ म्हणतात. ते इथे दिसते, पण त्याची सीमाही दिसते. कारण मोजपट्टी समोर आल्यावर तीच माणसे वेगळे वाचू शकली.

लॉकियर यांना ग्रहणाशिवाय ज्वाला कशी दिसली?

दिवसा ज्वाला दिसत नाही, कारण आपल्या वातावरणात विखुरलेला सूर्यप्रकाश तिला झाकून टाकतो. हा विखुरलेला प्रकाश सलग वर्णपटाचा असतो. त्याच्या वाटेत जितके लोलक (प्रिझम) वाढवाल तितका तो जास्त लांबीवर पसरतो आणि फिका पडतो. ज्वालेचा प्रकाश मात्र मोजक्या रंगांचा. लोलक वाढवले की तिच्या रेषा एकमेकींपासून दूर सरकतात, पण प्रत्येक रेषा तेवढीच अरुंद आणि जवळपास तेवढीच तेजस्वी राहते. म्हणून पुरेसे लोलक लावले की पार्श्वभूमी मंदावते आणि रेषा वर येते.

ही युक्ती लॉकियर यांना १८६६ मध्येच सुचली होती. यंत्र तयार व्हायला मात्र फार वेळ गेला. जॉन ब्राउनिंग यांनी बनवलेला बहुलोलकी वर्णपटदर्शक ऑक्टोबर १८६८ मध्ये हाती आला आणि २० ऑक्टोबरला लॉकियर यांना सूर्याच्या कडेवर रेषा दिसल्या. भारतातून जान्सन यांनी लिहिलेले पत्र आणि लॉकियर यांची बातमी या दोन्ही गोष्टी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत २६ ऑक्टोबरच्या एकाच बैठकीत वाचल्या गेल्या. पुढे १८७२ मध्ये फ्रान्सने दोघांचे चेहरे असलेले पदक काढले. ते पदक या पद्धतीसाठी आहे, हेलियमसाठी नाही.

रेषा सोडियमची नाही हे कसे ठरले?

तीन आकडे लक्षात ठेवले की पुरे. सोडियमच्या जोडरेषा ५८९.५९ आणि ५८९.०० नॅनोमीटरवर आहेत. त्यांना डी-१ आणि डी-२ म्हणतात. नवी रेषा ५८७.५६ वर आहे, आणि म्हणून तिला पुढे डी-३ म्हणू लागले. म्हणजे सोडियमच्या दोन रेषांमध्ये ०.६ नॅनोमीटरचे अंतर, आणि नवी रेषा त्यांच्यापासून जवळपास दीड नॅनोमीटर निळ्या बाजूला.

लॉकियर यांच्या वेळी मोजमाप जर्मन भौतिकशास्त्रज्ञ किरखॉफ यांच्या प्रमाणपट्टीवर होई. तिच्यावर डी-१ आणि डी-२ यांच्यात चारच अंशांचा फरक आहे. नवी रेषा डी-२ च्या पलीकडे आठ-नऊ अंशांवर असल्याचे लॉकियर यांनी नोंदवले. सोडियमच्या दोन रेषा ज्या यंत्रात सुट्या दिसतात, त्या यंत्रात त्यांच्या दुपटीहून अधिक अंतर नजरचुकीचे असू शकत नाही. आणि दिवसा केलेल्या या निरीक्षणात काळ्या डी रेषा त्याच दृश्यात शेजारी होत्या. ज्वाला झाकणारा तो विखुरलेला सूर्यप्रकाशच इथे मोजपट्टीच्या कामी आला.

मग नवे मूलद्रव्य लगेच मान्य का झाले नाही?

कारण 'ही सोडियमची नाही' यापासून 'ही कोणत्याच माहितीच्या पदार्थाची नाही' इथपर्यंत थेट उडी मारता येत नाही. मध्ये बरेच पर्याय होते आणि त्यांचा विचार करणे हा हट्ट नव्हता.

पहिला संशयित हायड्रोजन. ज्वालांमध्ये तो भरपूर आहे, आणि तापमान व दाब बदलला की वायूचा वर्णपट बदलतो हे माहीत होते. लॉकियर यांनी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्याबरोबर हायड्रोजनवर प्रयोग केले, पण पिवळी रेषा निघाली नाही. फ्रँकलंड तरीही नव्या मूलद्रव्याबद्दल साशंक राहिले. त्यांची बाजू समजण्यासारखी आहे: सूर्यावरची परिस्थिती प्रयोगशाळेत आणताच येत नसेल, तर 'प्रयोगात दिसले नाही' याला किती किंमत द्यायची?

दुसरी अडचण जास्त खोल होती. किरखॉफ यांच्या नियमानुसार जो वायू एखादी रेषा प्रकाशमान करतो, तो मागून येणाऱ्या प्रकाशातून तीच रेषा शोषूनही घेतो. सूर्यात हा पदार्थ असेल तर नेहमीच्या सौर वर्णपटात ५८७.५६ वर काळी रेषा हवी. ती तिथे नव्हती. याचे उत्तर अणूची रचना कळल्यावरच मिळाले. ही रेषा शोषण्यासाठी हेलियमचा अणू आधीच जवळपास २१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या ऊर्जेचे एकक) इतक्या ऊर्जेने उत्तेजित असावा लागतो. सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,८०० केल्विन असते. तिथे असे अणू नगण्य असतात. या पृष्ठभागावरच्या वायूच्या थरात, म्हणजे वर्णमंडलात, परिस्थिती वेगळी आहे. तापमान आणि दाब यांवरून कोणत्या रेषा दिसतील हे ठरवण्याचे गणित मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडले, तेव्हा अशा अनेक कोड्यांची उकल सुरू झाली.

त्या काळच्या शंकेखोरांकडे खरी कारणे होती, एवढे यावरून लक्षात यावे. 'त्यांना कळले नाही' असे म्हणून त्यांना बाजूला सारणे अन्यायाचे आहे.

'हेलियम' हे नाव केव्हा आले?

१८७१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या एडिंबरा अधिवेशनात भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन यांच्या अध्यक्षीय भाषणात ते जाहीरपणे आले. सूर्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून. शेवटचा 'इयम' हा धातूंच्या नावांचा प्रत्यय आहे. म्हणजे हा धातू असावा असा अंदाज होता. निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन या भावंडांशी नाव जुळत नाही ते यामुळे.

हेलियम कोणाच्या हातून निसटला होता का?

अमेरिकेत विल्यम हिलेब्रँड यांच्या. युरेनियमची खनिजे आम्लात तापवली की त्यातून एक निष्क्रिय वायू सुटतो, हे त्यांनी १८९० च्या सुमारास नोंदवले. वर्णपटात नायट्रोजन दिसला आणि त्या वायूत नायट्रोजन खरोखरच होता. काही अनोळखी रेषाही दिसल्या होत्या, पण नळीतल्या परिस्थितीनुसार वर्णपट बदलतो या समजुतीने त्या सोडून दिल्या गेल्या.

ज्या तत्त्वामुळे फ्रँकलंड नव्या मूलद्रव्याबद्दल सावध राहिले, त्याच तत्त्वाने इथे खरा शोध झाकला. 'परिस्थितीमुळे वर्णपट बदलतो' हे वाक्य खरे आहे, पण कोणतीही विसंगती त्यात मावते. पळवाट म्हणून असे वाक्य वापरायचे असेल, तर कोणती परिस्थिती बदलल्यावर कोणती रेषा यावी हेही सांगावे लागते, आणि ते करून पाहावे लागते.

रॅमसे यांनी १८९५ मध्ये नेमके काय केले?

रॅमसे हेलियम शोधत नव्हते. आदल्याच वर्षी त्यांना आणि रॅले यांना आर्गॉन सापडला होता, आणि तो एखाद्या खनिजात बांधलेला मिळतो का हे त्यांना पाहायचे होते. हेन्री मायर्स यांनी त्यांना हिलेब्रँड यांच्या कामाकडे वळवले.

त्यांनी क्लेव्हाइट नावाचे युरेनियमचे खनिज घेतले आणि ते विरल गंधकाम्लात उकळून सुटणारा वायू गोळा केला. मग त्यात ऑक्सिजन मिसळून अल्कलीवर विजेच्या ठिणग्या पाडल्या. त्यामुळे नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात आणि अल्कलीत शोषली जातात. उरलेला वायू कमी दाबाच्या नळीत भरून त्यातून वीज सोडली. पिवळी रेषा दिसली. आधी वाटले, काचेतले किंवा हातावरचे सोडियम असेल. सोडियम सगळीकडे असते आणि या कामात ते कायम घोटाळा करते. पण सोडियमच्या रेषांशेजारी ठेवून पाहिले तर ती जुळेना. नळी विल्यम क्रुक्स यांच्याकडे गेली. त्यांनी तरंगलांबी मोजली आणि कळवले: ही डी-३ आहे. तेव्हा मार्च महिना संपत आला होता. त्याच वर्षी उप्साला इथे क्लेव्ह आणि लांगलेट यांनी स्वतंत्रपणे हा वायू मिळवून त्याचे अणुभारही काढले.

एक रेषा जुळली म्हणजे तोच पदार्थ, हे पुरेसे होते का?

नाही, आणि या कथेतला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. रुंगे आणि पाशेन यांनी जर्मनीत क्लेव्हाइटच्या वायूची पिवळी रेषा अधिक शक्तिशाली यंत्राने तपासली, तर ती दुहेरी निघाली: एक ठळक, आणि सुमारे ०.०३ नॅनोमीटरवर तांबड्या बाजूला एक फिकट. सूर्यातली डी-३ तोवर एकेरीच समजली जात होती.

आता प्रश्न सरळ होता. सूर्यातली रेषाही दुहेरी निघाली तर ओळख पक्की. एकेरीच राहिली तर क्लेव्हाइटचा वायू म्हणजे सूर्यातला पदार्थ नव्हे, आणि वर्तमानपत्रांतून गाजलेला शोध कोसळला. हा निकाल आधीपासून कोणाच्याच हातात नव्हता. १८९५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत हेल यांनी आणि इंग्लंडमध्ये हगिन्स यांनी सूर्याकडे पुन्हा बारकाईने पाहिले. हगिन्स यांना आधी ती एकेरीच वाटली होती, मग तिचे दोन भाग दिसले. सूर्यातली रेषाही दुहेरीच होती.

तत्त्वज्ञ कार्ल पॉपर म्हणत की सिद्धान्ताने स्वतःला धोक्यात घातले पाहिजे. तो धोका म्हणजे प्रत्यक्षात काय, हे इथे ०.०३ नॅनोमीटरमध्ये दिसते.

कोरोनियम आणि नेब्युलियम ही काय प्रकरणे होती?

७ ऑगस्ट १८६९ च्या ग्रहणात अमेरिकेत यंग आणि हार्कनेस यांना सूर्याच्या प्रभामंडलात, म्हणजे ग्रहणात सूर्याभोवती दिसणाऱ्या तेजोवलयात, एक हिरवी रेषा दिसली. माहितीच्या कोणत्याही मूलद्रव्याशी ती पटेना, म्हणून 'कोरोनियम' मानले गेले. त्याआधी १८६४ मध्ये हगिन्स यांना तेजोमेघात हिरवट रेषा दिसल्या होत्या. त्यातली मुख्य ५००.७ नॅनोमीटरवर आहे. त्यांच्यासाठी 'नेब्युलियम' आले. तर्क अगदी हेलियमचाच: रेषा खरी, ओळखीची नाही, म्हणून मूलद्रव्य नवे.

१९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवले की नेब्युलियम म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन. तेजोमेघातला वायू इतका विरळ असतो की अणू एकमेकांवर क्वचित आदळतात, आणि प्रयोगशाळेत सहसा न दिसणाऱ्या 'निषिद्ध' रेषांना तिथे उमटायला वेळ मिळतो. हिरव्या प्रभामंडल-रेषेची उकल ग्रोट्रियन यांनी १९३९ मध्ये दिलेल्या धाग्यावरून एडलेन यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला केली: तेरा इलेक्ट्रॉन गमावलेले लोखंड. त्यासाठी प्रभामंडलाचे तापमान दहा लाख अंशांच्या घरात असावे लागते. म्हणजे मूलद्रव्य जुनेच निघाले आणि नवी ठरली ती परिस्थिती. फ्रँकलंड हायड्रोजनबद्दल चुकले, पण त्यांची शंका या दोन ठिकाणी अक्षरशः खरी ठरली.

तर्क एकच, मग एकदा बरोबर आणि दोनदा चूक का? आधी ओळखता आले असते का?

उपलब्ध पर्यायांतले उत्तम स्पष्टीकरण निवडणे, ज्याला अमेरिकन तत्त्वज्ञ पर्स यांनी 'अॅबडक्शन' म्हटले, ही विज्ञानाची रोजची रीत आहे. तिची मर्यादा अशी की खरे स्पष्टीकरण यादीतच नसेल तर आपण उरलेल्यांतले बरे ते निवडतो. १८६९ मध्ये 'तेरा इलेक्ट्रॉन गमावलेले लोखंड' हे वाक्य कोणी लिहूच शकत नव्हते. इलेक्ट्रॉनच माहीत नव्हता.

फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ पिएर दुहेम यांचा मुद्दाही इथे बसतो. एकटी परिकल्पना कधीच तपासली जात नाही, तिच्याबरोबर पूरक गृहीतकांचा गठ्ठा असतो. 'प्रत्येक मूलद्रव्याच्या सगळ्या रेषा आपल्याला प्रयोगशाळेत दिसतातच' हे असेच एक न बोललेले गृहीतक. हेलियमच्या बाबतीत त्याने दगा दिला नाही, इतर दोनदा दिला.

तरी फरक करणारी एक गोष्ट हाताशी होती: पुढचे पाऊल. किरखॉफ आणि बुन्सेन यांनी १८६० मध्ये सीझियमच्या निळ्या रेषा पाहिल्या, तेव्हा ते थांबले नाहीत. ड्युर्कहाइमच्या झऱ्याचे चाळीस टनांहून अधिक पाणी आटवून त्यांनी काही ग्रॅम क्षार हातात घेतला. रुबिडियम, थॅलियम, इंडियम यांचेही तसेच: रेषा आधी, पदार्थ लगोलग. हेलियमला त्या पावलासाठी सत्तावीस वर्षे लागली. कोरोनियमच्या बाबतीत ते पाऊल पडलेच नाही, आणि दुसरीकडून दारे बंद होत गेली. मेंडेलेव्ह यांनी आयुष्याच्या अखेरीस कोरोनियमला हायड्रोजनहून हलके मूलद्रव्य म्हणून जागा देऊन पाहिली. १९१३ मध्ये मोझली यांनी अणुक्रमांकाचा अर्थ दाखवल्यावर मात्र हायड्रोजन १ च्या आधी किंवा हायड्रोजन १ आणि हेलियम २ यांच्यामध्ये जागाच उरली नाही. रेषा खरी पण तिचे नाव खोटे, हा संशय त्यामुळे बळावला.

फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्यूस्त काँत यांनी ताऱ्यांचे रसायन कधीच कळणार नाही असे म्हटले होते. ते मूर्खपणाचे होते का?

मुळीच नाही. १८३५ मध्ये पदार्थाची परीक्षा म्हणजे तो हातात घेऊन विरघळवणे, जाळणे, तोलणे. तारा हातात येत नाही, म्हणून त्याचे रसायन अशक्य, हा निष्कर्ष त्या व्याख्येतून नीट निघतो. फ्राउनहोफर यांनी सूर्याच्या काळ्या रेषा १८१४ मध्येच मोजल्या होत्या. फक्त त्या रेषा म्हणजे रसायन आहे हे १८५९ पर्यंत कोणाला वाचता येत नव्हते.

हेलियम विजयदुर्गावर सापडला ना?

नाही. महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो, म्हणून सविस्तर उत्तर.

प्रचलित हकिकत अशी: १८ ऑगस्ट १८६८ ला लॉकियर विजयदुर्ग किल्ल्यावर होते, साहेबाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दगडी ओट्यांवर त्यांनी दुर्बीण लावली आणि हेलियम शोधला. पण १८६८ च्या ग्रहणात लॉकियर इंग्लंडमध्ये होते. त्यांचे निरीक्षण २० ऑक्टोबरचे, ग्रहणाशिवायचे आणि लंडनमधले आहे. शिवाय ऑगस्टच्या मध्यावर कोकणात आभाळ कसे असते हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. जमखंडीसारख्या घाटमाथ्यापलीकडच्या ठिकाणीही हर्शेल यांना ढगांनी त्रास दिला.

लॉकियर विजयदुर्गावर आले होते हे मात्र पक्के खरे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, म्हणजे हेलियम पृथ्वीवर सापडल्यानंतर तीन वर्षांनी. बरोबर 'मेल्पोमेनी' या युद्धनौकेचे खलाशी मदतीला होते आणि वर्णपटाची छायाचित्रे घेणारे प्रिझमॅटिक कॅमेरे किल्ल्यावर मांडले होते. त्याआधी १८७१ च्या ग्रहणासाठी ते भारतात आले, तेव्हा केरळातल्या बेकल किल्ल्यावर होते. दोन किल्ले, तीन ग्रहणे आणि एक प्रसिद्ध नाव यांची गुंतागुंत होऊन ही कथा तयार झाली असावी.

१८९८ च्या ग्रहणाचे स्वतःचे महत्त्व मोठे आहे. प्रभामंडलाची हिरवी रेषा तोवर ५३१.७ नॅनोमीटरवर, लोखंडाच्या एका रेषेच्या जागी, धरली जात होती. त्या ग्रहणात भारतात घेतलेल्या छायाचित्रांवरून ती ५३०.३ वर असल्याचे स्पष्ट झाले. जवळपास तीस वर्षांची चूक दुरुस्त झाली. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर इथे त्याच दिवशी अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते, आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवालाही. किल्ल्यावरच्या माहितीफलकावर हे लिहिले तर किल्ल्याचा मान कमी होणार नाही, उलट खरा मान मिळेल.

असा स्थानिक दावा स्वतः कसा तपासायचा?

आधी दाव्याचे तुकडे करा: कोण, कुठे, कोणत्या तारखेला, काय पाहिले. प्रत्येक तुकडा वेगळा तपासा, कारण बहुतेक चुकीच्या कथांत तीन तुकडे खरे आणि एक उसना असतो. ग्रहणाचे पट्टे गणिताने काढता येतात, म्हणून ते पहिल्यांदा पाहा. पण सावध राहा: १८६८ चा पट्टाही कोकण किनाऱ्यावरूनच आत शिरला होता. सावली पडली म्हणजे निरीक्षक होता असे नाही. मग त्या माणसाने स्वतः त्या वर्षी काय छापले ते शोधा. शंभर वर्षांनंतरचे दहा लेख एकाच चुकीच्या लेखावरून उतरलेले असू शकतात, तेव्हा त्यांची संख्या मोजू नका. ठिकाणांची जुनी इंग्रजी स्पेलिंगे वेगळी असतात. विजयदुर्ग तेव्हाच्या अहवालांत 'विझियाड्रुग' म्हणून सापडतो.

पृथ्वीवरचा हेलियम युरेनियमच्याच खनिजात का सापडला?

युरेनियमच्या किरणोत्सारातून निघणारे अल्फा कण म्हणजे हेलियमची केंद्रके. ती दगडात अडकून वायू बनतात. १८९५ मध्ये किरणोत्सारच माहीत नव्हता. रदरफर्ड आणि रॉइड्स यांनी अल्फा कण गोळा करून त्यांचा वर्णपट पाहिला तो १९०८-०९ च्या सुमारास. तेव्हाही ओळख पटवली ती डी-३ नेच.

घरी हे कितपत पाहता येते?

सोडियमची डी रेषा आणि सूर्याच्या काळ्या रेषा नक्की दिसतात. साहित्य: एक कोरी डीव्हीडी-आर, २५ सेंटिमीटर लांबीचे खोके, दाढीच्या पात्याचे दोन तुकडे, काळा कागद, चिकटपट्टी.

डीव्हीडीच्या कडेत पाते घालून दोन चकत्या वेगळ्या करा, रंग स्पिरिटने धुऊन टाका आणि पारदर्शक चकतीच्या बाहेरच्या कडेजवळचा नखाएवढा चौकोन कापा. आतल्या भागापेक्षा कडेजवळ चर जास्त सरळ असतात. डीव्हीडीवर दर मिलिमीटरला सुमारे १,३५० चर असतात, सीडीवर ६२५. पात्यांच्या धारा समोरासमोर ठेवून ०.२ मिलिमीटरची फट करा: दोन पात्यांत वहीचे दोन कागद धरून चिकटवले की साधारण तेवढी होते. फट खोक्याच्या एका टोकाला, जाळी (म्हणजे डीव्हीडीचा तो चरांचा चौकोन) दुसऱ्या टोकाला. फटीची दिशा आणि चरांची दिशा समांतर हवी, नाहीतर वर्णपट तिरका आणि पुसट येतो. डीव्हीडीत पिवळा रंग सरळ रेषेपासून पन्नासेक अंशांवर दिसतो, म्हणून डोळा त्या कोनात वळवावा लागतो.

सूर्याकडे खोके कधीही रोखू नका. दुपारचे आभाळ किंवा उन्हातली पांढरी भिंत पुरते. ५८९ वर डी, ४८६ वर एफ आणि ५१७ च्या आसपास बी या काळ्या रेषा शोधा. मग स्पिरिटच्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाकून त्याच जागी तेजस्वी पिवळी रेषा येते का ते बघा. रस्त्यावरचा पिवळा दिवा यासाठी वापरू नका. उच्च दाबाच्या सोडियम दिव्यात डी रेषा पसरते आणि तिच्या मध्यभागी काळी पट्टी पडते, त्यामुळे गोंधळ होतो.

रेषा न दिसता नुसता इंद्रधनुष्याचा पट्टा दिसला तर फट रुंद आहे. फार अंधार असेल तर बाजूने शिरणारा उजेड आधी बंद करा, फट लगेच रुंद करू नका. ०.२ मिलिमीटरच्या फटीने डी-१ आणि डी-२ सुट्या दिसतीलच असे नाही. डी-२ आणि डी-३ यांच्यातले अंतर मात्र या खोक्यात ओळखण्याइतके मोठे आहे. त्यामुळे शाळेच्या प्रयोगशाळेत हेलियमची डिस्चार्ज ट्यूब असेल, तर मिठाची ज्योत आणि ती नळी आळीपाळीने फटीसमोर धरा. दोन्ही पिवळेच दिसतात, पण रेषा जागा बदलते. आभाळाच्या वर्णपटात त्या जागी काही शोधू नका. डी-३ ची काळी रेषा तिथे नसते, आणि लॉकियर यांच्या समकालीनांना नेमकी तीच गैरहजेरी सतावत होती.